भिंतीतला गुलाबी

नदी स्वच्छ होऊन अकरा वर्षं झाली होती आणि आता तिचं कुणाला कौतुकही उरलं नव्हतं. पूर्वी कारखान्यांत कापडाला जो रंग, तोच त्या दिवशी नदीला. आता खालची चौदा गावं तेच पाणी पीत होती.

हे केलं राखमण्यांनी. साखर कारखान्याच्या भट्टीतली राख भाजून डॉ. तनुजा कोठावळे यांनी वाटाण्याएवढे मणी बनवले होते. मण्यात असंख्य बारीक भोकं. सांडपाणी त्यांतून जातं आणि रंगाचे कण भोकांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. याला अधिशोषण म्हणतात. रंग नष्ट होत नाही, पाण्यातून उठून मण्यात मुक्कामाला जातो. भरलेल्या मण्यांचं करायचं काय? सिमेंट कालवून विटा पाडल्या आणि त्या विटांची बिनगिलाव्याची घरं रंगकामगारांनाच दिली. सरकारी हुशारीपुढे आपण काय बोलणार!

दसऱ्याआधी घर धुवायची रीत. निवृत्त रंगारी नरसय्या बोद्दुल यांनी यंदा पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि भिंतीवरून गुलाबी ओघळ उतरले. त्यांनी तनुजाबाईंना बोलावून घेतलं.

"माझाच रंग हाय ह्यो," नरसय्या म्हणाले. "चादरीच्या काठाचा. सोड्यानं सुटतोय व्हय, मॅडम?"

"सुटतो, काका. चिकटलेलं सुटूही शकतं."

हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. घराच्या भिंती सोड्याने कोण धुणार, असं त्यांनीच अहवालात लिहिलं होतं. घरं रंगाऱ्यांची आहेत आणि रंगाऱ्याचा हात आधी सोड्याकडेच जातो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पोटात गेला तर?"

"वाईट. गरोदर बाईला तर फारच."

नरसय्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "श्यामला बाळंतपणाला आलीय. आठवा चालू हाय. सासरी धाडू का परत?"

"सासर कुठलं?"

"नदीच्या खालच्या अंगाला. तिसरं गाव."

तनुजाबाई खुर्चीत बसल्या. विटा बंद केल्या तर भरलेले मणी ठेवायला जागा नाही. मणी बंद केले तर रंग पुन्हा नदीत, म्हणजे श्यामलाच्या सासरी. अकरा वर्षांत त्यांनी रंगाची फक्त जागा बदलली होती. त्यांना स्वतःचा कंटाळा आला.

"तुमी म्हणाल तिथं ठेवतो पोरीला," नरसय्या म्हणाले. "सांगा की."

तनुजाबाईंनी कागद काढला आणि वसाहतीसाठी सूचना लिहिली: भिंती सोड्याने धुऊ नयेत. एवढ्यावर भागेल, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

श्यामला दारात उभी राहून वाचत होती. "साबणात बी सोड्याचाच गुण असतोय ना, मॅडम? बाळाला न्हाणीतच न्हाऊ घालणार आई."

तनुजाबाई उठून न्हाणीत गेल्या. भिंतीच्या वरच्या विटा काळपट जांभळ्या होत्या. खालच्या चार ओळी, जिथे रोज साबणाचं पाणी उडतं तिथल्या, पांढुरक्या पडल्या होत्या. नुसती राख उरली होती.

"ह्यातला रंग कुठं गेला मग?" नरसय्यांनी विचारलं.

न्हाणीचं पाणी परसातल्या शोषखड्ड्यात जात होतं. खड्ड्याला लागूनच बोअरचा हातपंप होता. तनुजाबाई त्याकडे बघत राहिल्या. नरसय्यांनीही बघितलं.

"मॅडम, चहा घेऊनच जायचं," म्हणत श्यामलाची आई पातेलं घेऊन पंपाकडे निघाली.