कोमट जागा

मासे तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे वहिनीचा फोन आला तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. म्हणाली, "छोटी, तळ्यात चिलापी सापडलीय. येऊन बघ ना एकदा."

चिलापी उबदार पाण्यातला मासा. पाणी गारठलं की तो आधी कलंडतो, मग मरतो. आणि ते तळं डोंगरातलं, हिवाळ्यात काठाला बर्फ धरणारं. माझा दादा तिथल्या पंपघरावर कामाला होता. आदल्या हिवाळ्यात त्याची होडी उलटली. होडी मिळाली, दादा मिळाला नाही. वहिनी तिथेच राहिली. सगळ्यांनी समजावलं, पण ती काही हलली नाही.

मी थर्मामीटर आणि जाळं गाडीत टाकून गेले. दुपार होती, तरी धुक्यामुळे उजेड असा नव्हताच. ओसरीवर वहिनी बादलीपाशी बसली होती. निम्मी झाली होती बिचारी. बादलीत चिलापी होती, चांगली हातभर, आणि टुणटुणीत.

"कोणीतरी हौसेनं पाळलेली आणून सोडली असेल," मी म्हणाले. "नाही जगायची गं इथे."

"एकच नाहीये. चल, दाखवते."

वहिनी होडी वल्हवत होती. मी दोरीला बांधलेला थर्मामीटर जागोजागी सोडून बघत होते. सगळीकडे चार अंश. वारा पडलेला. वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज. काठ केव्हाच दिसेनासा झाला होता. मग तिने वल्ही आत घेतली.

"इथे बघ."

पारा चढला. वीस, तीस... सदतिसाला येऊन थांबला. मी थर्मामीटर झटकला, पुन्हा सोडला. तेवढाच. खाली गरम पाण्याचा झरा असेल म्हणावं, तर गंधकाचा वास नाही, बुडबुडे नाहीत. वास होता तो बंद खोलीतल्या अंथरुणाचा.

"हात घाल," वहिनी म्हणाली.

मी घातला.

"झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात हात गेल्यासारखं वाटतं ना? मी रोज येते. इथेच बुडाला तो."

खाली चिलाप्या दिसत होत्या, दाटीवाटीनं, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. थंडीत गुरं शेकोटीभोवती उभी राहावीत तशा. मधे काय होतं ते दिसत नव्हतं. मी बघायला वाकले, तेवढ्यात होडी अलगद वर उचलली गेली. आणि खाली आली. थोडं थांबून पुन्हा वर... पुन्हा खाली. लाट नव्हती. पाणी आरशासारखं होतं.

"वहिनी... वल्हं मार."

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

मीच वल्ही हिसकून घेतली. काठ येईपर्यंत मी वल्हवायची थांबले नाही. ती मात्र शांत होती.

"मासा जगू शकतो, म्हणजे..."

"नाही," मी म्हणाले. "मासा जगणार नाही. माणूस तर नाहीच नाही. दादा गेला, वहिनी. आज माझ्याबरोबर चल, तुझ्या पाया पडते."

 तिने होकारार्थी मान हलवली. चार कपडे पिशवीत भरले, दाराला कुलूप घातलं, गाडीत येऊन बसली. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

मी गाडी सुरू केली तशी ती म्हणाली, "बादलीतली सोडून येते. तडफडेल बिचारी."

एवढंच म्हणून गेली.

मी वाट पाहिली. हाका मारल्या. मग धावत गेले. धुकं विरत होतं. होडी तळ्याच्या मध्यावर होती, रिकामी. आत तिची शाल नीट घडी करून ठेवली होती, आणि शेजारी रिकामी बादली.

पाणबुडे आले. त्यांनी तळ चाळून काढला. वहिनी मिळाली नाही. जाळ्यात एकही चिलापी आली नाही. पाणी सगळीकडे चार अंश. आमच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, दुःखात माणसाला भास होतात. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझं आता कोणीच उरलेलं नाही.

मी शहरात राहते, चौथ्या मजल्यावर, एकटी. इथेही कडाक्याची थंडी आहे. गेल्या आठवड्यापासून न्हाणीघरातलं पिंप, रात्री गार पाण्यानं भरून ठेवलेलं, सकाळी कोमट असतं. मी हात घालून बघत नाही. झाकणावर वाफेचे थेंब असतात, त्यावरून कळतं. काल त्यावर पाटा ठेवला. आज उठले, तर पाटा खाली उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आवाज न होऊ देता, झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून ठेवतात ना, तसा.