तीन मिनिटांचं दुःख

"तुमचा फोन देता का जरा? माझा पाण्यात गेलाय..."

उझमाने मान वर केली. समोर नखशिखांत भिजलेला एक तरुण उभा होता. डोक्यावर लाल हेल्मेट, कमरेला दोराचा पट्टा, ओठ गारठ्याने निळे पडलेले. लोहगडवाडीत नंदाबाईच्या टपरीवर ती सकाळपासून बसली होती, टॅबलेटवर किल्ल्याचा कडा काढत. तिने काही न विचारता फोन पुढे केला.

नंबर त्याला पाठ होता. तरी बोट दोनदा चुकलं.

"काका, मी अरहम बोलतोय, बचाव पथकातला... हो. सापडला." मग तो थांबला. पत्र्यावर पाऊस तडतडत राहिला. "नाही काका. जिवंत नाही... तुम्ही मळवलीलाच थांबा. वर येऊ नका. आम्ही आणतो त्याला खाली."

फोन परत देण्याआधी त्याने तो पुसायचा प्रयत्न केला, तोही आपल्या चिंब बाहीला. ते लक्षात येऊन स्वतःच ओशाळला.

"माफ करा. तुमच्या फोनवरून असला निरोप द्यावा लागला."

"माफी कसली त्यात? बसा आधी."

तिने आपला चहा त्याच्यापुढे सरकवला. त्याचे हात इतके कापत होते की ग्लास ओठांपर्यंत जाईना. उझमाने खालून हात लावला... आणि तसाच धरून ठेवला. त्याने अर्धा चहा प्यायला, मान हलवली, आणि पुन्हा पावसात निघून गेला. नाव तेवढं मागे राहिलं. अरहम.

पुढच्या रविवारी ती पुन्हा टपरीवर आली. किल्ला काढायलाच आली होती, असं ती स्वतःला बजावत होती.

"मी सुका असा दिसतो," मागून आवाज आला.

ती वळली. निळा शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि गालाला पडणारी खळी, जी त्या दिवशी दिसायचं काही कारणच नव्हतं.

"ओले बरे दिसत होतात," ती म्हणाली, आणि आपणच बोललो का हे, म्हणून लाजली.

अरहम तळेगावजवळच्या आंबीचा. तिथल्याच एका कारखान्यात मशीनच्या दुरुस्तीवर होता, आणि सुट्टीच्या दिवशी पथकात. पथकाचे प्रमुख म्हणजे नंदाबाईचे यजमान, सखाराम. गडावर कुणी चुकलं, घसरलं, बुडालं की पहिला फोन त्यांना यायचा. दोर कसा धरायचा हे अरहमला त्यांनीच शिकवलेलं.

उझमा लोणावळ्याची. पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी ॲनिमेशनपट लिहीत होती, त्याची दृश्यंही तीच काढत होती.

"कशाचा पिक्चर?" अरहमने विचारलं.

"वावटळ नावाची मुलगी आहे. तिला उडता येतं. लोकांना वाचवते."

"आमच्या पथकात पाठवा की. दोर तरी वाचतील."

ती हसली. मग रविवारमागून रविवार गेले, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि पाऊस सरून गवत सोनेरी झालं तेव्हा दोघं गडाच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून बसायला लागले.

"सांग ना, काय होतं तुझ्या पिक्चरमध्ये?"

"पहिल्या भागात तिला शक्ती मिळते. मध्यावर ती जिंकते, सगळं गोड गोड होतं. मग दुसऱ्या भागाच्या शेवटी तिचं सगळ्यात जवळचं माणूस जातं. तिचा गुरू. ती कोसळते... आणि मग उठते, शेवटच्या लढाईला."

"माणूस जायलाच पाहिजे?"

"नाहीतर ती पेटून उठणार कशी? सगळ्या सुपरहिरोंचं असंच असतं. साचाच आहे तो."

"आन् कोसळलेली किती वेळ असते?"

"तीन मिनिटं. आमचा दिग्दर्शक रतन म्हणतो, त्याहून जास्त दुःख पोरांना झेपत नाही."

"लय लवकर आटपतं की!" तो हसला. मग तिच्याकडे तिरकं बघत म्हणाला, "यात मी कोण? नायक?"

"नायक नाहीच आहे. नायिका आहे. तू... तू बाजूचा."

"बाजूचेच मरतात ना?"

तिने चटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "असलं बोलायचं नाही."

तो बोलला नाही. तिनेही हात काढला नाही. त्याचा ऊन श्वास तिच्या बोटांवर येत राहिला, आणि खाली पवनेचं पाणी संध्याकाळच्या उन्हात नुसतं चमकत राहिलं...

ती त्याला फोनवर संवाद वाचून दाखवायची. एक त्याला फार आवडला होता. गुरू गेल्यावर वावटळ तोंड फिरवून पडलेली असते, तेव्हा तिची मैत्रीण म्हणते, 'ते असते तर म्हणाले असते, रडून झालं असेल तर ऊठ. काम बाकी आहे.'

"भारी," अरहम म्हणाला होता. "आमचे सखारामभाऊ अगदी असंच बोलतात."

पुढचा पावसाळा लागता लागता उझमाने आपल्या अब्बांना, नूरमहंमदांना, सगळं सांगितलं. त्यांनी पोराची चौकशी केली, घर बघून आले, आणि पाऊस संपला की बोलणी करू म्हणाले.

तो पाऊस संपायच्या आतच सगळं संपलं.

विसापूरच्या ओढ्यात एक मुलगा आणि एक मुलगी अडकली होती. पाणी चढत होतं. सखाराम दोर बांधून ओढ्यात उतरले, दोर वरून अरहमच्या हातात. मुलीला त्यांनी काठाला लावलं. मुलासाठी पुन्हा वळले, त्याला पथकातल्या पप्पूच्या हाती देतात न देतात, तोच पाण्याबरोबर वरून धोंडा आला. दोर खडकाच्या धारेवर दाबला गेला.

अरहमच्या हातातला दोर एकाएकी हलका झाला.

सखारामांना शोधायला गेलेल्यांत अरहम सगळ्यात पुढे होता. सापडलेही त्यालाच. त्या दिवशी त्याने कुणाकडे फोन मागितला नाही. चिखलातून चालत टपरीपर्यंत आला आणि नंदाबाईसमोर नुसता उभा राहिला. तिला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर अरहमचं बोलणं बंद झालं. कामावर जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. पथकाचा फोन उचलायचा नाही, आणि हळूहळू उझमाचाही. चूक त्याची नव्हती, असं पोलीस म्हणाले, पथक म्हणालं. तो ऐकून घ्यायचा.

उझमाने वाट पाहिली. भेटायला जायची, त्याच्या अम्मीशी बोलत बसायची, परत यायची. पण मनातून ती एका गोष्टीची वाट बघत होती, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. आता उठेल... आता उठेल. एका दुपारी तिला ते सहन झालं नाही. त्याच्या उशाशी बसून, त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली,

"अरहम, भाऊ असते तर म्हणाले असते, रडून झालं असेल तर ऊठ. काम..."

तो वळला. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे सरळ बघत होता.

"हे तुझ्या पिक्चरमधलं आहे."

तिचा हात जागीच थांबला.

"माझी तीन मिनिटं झाली वाटतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "भाऊ गेले ते मी उठावं म्हणून न्हाई गेले, उझमा. ते नुसते गेले."

"मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"तू जा आता."

ती गेली. तळेगावच्या स्टँडवर दोन बस समोरून निघून गेल्या तरी तिला हात करायचं सुचलं नाही.

त्या आठवड्यात तिने दुसऱ्या भागाचा शेवट पुन्हा लिहायला घेतला. नवीन दृश्यात वावटळ उडत नव्हती. ती गुरूच्या घरी जाते, त्याच्या बायकोपाशी बसते. लढाई तिच्याविनाच होते, गावातले लोक आपापल्या परीने लढतात. रतनने ते बघितलं आणि डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता.

"उझमा, पोरं झोपतील."

"झोपू देत."

"निर्माता झोपणार नाही. अगं, शक्ती असलेल्या मुलीने लढायचंच नाही? मग लोकांनी तिकीट कशाला काढायचं?"

"जवळचं माणूस गेल्यावर कुणी असं उठतं का रे?"

"खऱ्यात नाही उठत. म्हणून तर लोक सिनेमाला येतात."

त्याचंही खरंच होतं. तिने तो भाग सोडला आणि रतनने दुसऱ्याला दिला. पण ते दृश्य तिच्या डोक्यातून जाईना. गुरूच्या बायकोपाशी बसून वावटळ करते काय? तिथे येऊनच तिचा हात अडला होता. आणि मग तिला शरमेनं कळलं, की सखाराम गेल्यापासून आपण स्वतः एकदाही नंदाबाईकडे गेलो नाही.

रविवारी ती लोहगडवाडीला गेली. टॅबलेट घरीच ठेवला. खाचरांत भात पिवळं पडायला लागलं होतं. टपरी उघडी होती, आणि मागे पिंपाशी उकिडवा बसून अरहम ग्लास विसळत होता.

"ये बाय," नंदाबाई म्हणाली. कपाळ मोकळं, आवाज खोल गेलेला. "ह्यो दर ऐतवारी येतोय. बोलत न्हाई. मी बी बोलत न्हाई. बस तू बी."

तिने उझमापुढे लसणाने भरलेलं सूप ठेवलं. उझमा सोलायला लागली. अरहमने एकदा वर पाहिलं, पण जा म्हणाला नाही.

उन्हं डोक्यावर आली आणि गडाकडून पप्पू धावत आला. अरहमच्याच बरोबरीचा.

"विंचूकाट्याच्या माचीकडं एक जण घसरलाय. कपारीला अडकून हाय. अरहम, येतोस का? माणसं कमी हायेत."

नंदाबाईचा हात कढईवर थांबला. हीच ती जागा होती, जिथे उझमाच्या पिक्चरमध्ये संगीत चढतं. आणि तिला क्षणभर मनापासून वाटलं, की त्याने उठावं. मग तिला ग्लासावर घट्ट आवळलेले त्याचे हात दिसले.

"न्हाई पप्पू," अरहम म्हणाला. "मला जमायचं न्हाई."

"बरं. मी बघतो दुसऱ्या कुणाला." पप्पूने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि दोर घेऊन पळाला.

अरहमच्या हातातून ग्लास पाण्यात सुटला. उझमा उठली आणि पिंपापाशी, चिखलातच, त्याच्याजवळ बसली. त्याचा साबणाने बुळबुळीत झालेला हात तिने धरला.

"मी गेलो न्हाई," तो पुटपुटला.

"बघितलं मी."

"तो वर मेला तर?"

काहीतरी धीराचं बोलावं असं तिला वाटलं. सुचलंही. पण ती ते बोलली नाही.

"माहीत नाही रे."

दोघं गडाकडे बघत राहिले. वरून कधी शिट्टी ऐकू यायची, कधी हाका. मग कितीतरी वेळ काहीच नाही...

"त्या दिवशी मी चुकले," ती म्हणाली. "पडलेला तू मला बघवत नव्हतास. म्हणून ऊठ म्हणाले. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी."

"आन् आता बघवतो?"

"त्रास होतो अजून. पण तू समोर नसलास की त्याहून जास्त होतो."

मग अगदी हळू आवाजात, "मी परत कधीच वर गेलो न्हाई तर?"

"तर खाली राहू."

"राहू?"

"राहू," ती म्हणाली. "मला तू हवा आहेस, अरहम. असाच. किती दिवसांपासून सांगायचं होतं, आणि मी भलतंच बोलून बसले."

त्याची बोटं तिच्या बोटांत घट्ट वळली. दुखेल इतकी. तिने दुखू दिलं.

उन्हं कलली तेव्हा वाटेवर पथक दिसलं. मध्ये पप्पूच्या आणि दुसऱ्या एकाच्या खांद्यावर हात टाकून एक मुलगा लंगडत येत होता. गुडघा फुटलेला, पण चांगला बडबडत होता.

नंदाबाई टपरीबाहेर आली. बराच वेळ त्या पोराकडे बघत राहिली.

"ह्यांच्याबिगर बी आणला की रं खाली," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी धरून, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडायला लागली. अरहम उठून तिच्याजवळ गेला. तिच्या पायाशी बसला आणि तोही रडला. उझमाने कुणालाच गप्प केलं नाही. स्टोव्हवरचा चहा उतू जायला लागला तेवढा तिने उतरवून ठेवला, आणि पोरांना भरून दिला.

पोरं निघून गेल्यावर नंदाबाईने चुळा भरल्या, तोंड पुसलं.

"म्होरल्या ऐतवारी हितं नको येऊस," ती अरहमला म्हणाली.

"मावशी, मी..."

"म्होरल्या ऐतवारी हिच्या बाच्याकडं जा. पाऊस सरला. तेनी किती वाट बघायची?"

अरहमने उझमाकडे पाहिलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"येऊ?" त्याने विचारलं.

"ये," ती म्हणाली. "अम्मींनाही घेऊन ये."