गोळासरांचा शेवटचा तास

इन्स्पेक्टरबाई शाळेच्या सभागृहात शिरल्या तेव्हा लोखंडी गोळा अजून तुळईवरून लटकत होता. हलत नव्हता, तरी त्याच्या वाटेत उभं राहायची कोणाची छाती होत नव्हती. रंगमंचाच्या डाव्या खांबापाशी रक्त सांडलं होतं. मृतदेह नुकताच हलवला होता.

मेलेले गृहस्थ विज्ञानाचे शिक्षक. पोरं त्यांना गोळासर म्हणायची. प्रत्येक नव्या वर्गाला ते हा प्रयोग दाखवायचे. खांबाला डोकं टेकून उभं राहायचं, गोळा हनुवटीला लावायचा आणि नुसता सोडून द्यायचा. तो रंगमंच ओलांडून उजव्या विंगेच्या पडद्याआड दिसेनासा व्हायचा आणि परत येऊन हनुवटीच्या जरा अलीकडेच थांबायचा. जेवढी ऊर्जा दिली त्याहून जास्त ऊर्जा घेऊन तो परतणार कुठून? सोडताना सर म्हणायचे, "गेला!" आणि सगळा वर्ग परतीच्या ठेक्यावर ओरडायचा, "आला!"

आज सरांच्या हनुवटीपासून गोळा त्यांच्या लेकीने सोडला होता आणि तो सरांच्या तोंडावर बसला होता.

"तिने ढकलला," मुख्याध्यापिका हलक्या आवाजात म्हणाल्या. "मुद्दाम नसेल, पण ढकललाच. आणि शेवटच्या क्षणी सरांनी तिला दोन्ही हातांनी दूर लोटलं. भयंकर चिडले असणार. सगळ्यांनी पाहिलंय."

"सरांचं कोणाशी वैर?"

"छे! म्हणजे... आपल्यातलाच एकजण प्रश्नपत्रिका फोडतो, असं म्हणत होते. तासानंतर मला नाव सांगणार होते. ते राहूनच गेलं."

मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. आपल्या दोन्ही तळव्यांकडे ती टक लावून बघत होती. या पोरीला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं, पण बापाला मारल्याचं ओझं तिला जन्मभर पुरलं असतं.

बाई उजव्या विंगेत गेल्या. पडद्याआड मिट्ट काळोख. विजेरीच्या उजेडात फळीवर निळ्या रंगाचा डबा दिसला.

"हा डबा कोणाचा?"

"मीच ठेवला, बाई," मागोमाग आलेला शाळेचा शिपाई म्हणाला. "बाकं रंगवायचीत ना! पोरं हॉलमध्ये बसत होती, तेव्हा आणून ठेवला नि पुढच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्यानंतर इकडं फिरकलो नाही."

वर्गाच्या मॉनिटरला बाईंनी जवळ बसवून घेतलं. "तुम्ही 'आला' म्हणालात, मग?"

"फजिती झाली. आम्ही ओरडलो, पण गोळा आलाच नव्हता! सगळे हसलो. मग तो एकदम आला."

"सरही हसले?"

"नाही. त्यांचं तोंड पांढरं पडलं."

विज्ञानाचे दुसरे शिक्षक, धाकटे सर, रुमालाने मान पुसत होते.

"तुम्ही कुठे होता?"

"मागच्या दाराशी. यायला उशीर झाला, म्हणून तिथेच थांबलो. पोरीने धक्का दिलेला मी डोळ्यांनी पाहिला."

"गोळा लांब गेला?"

"चांगलाच. विंगेतल्या निळ्या डब्याला लागता लागता राहिला. ढकलल्याशिवाय तो इतका लांब जाईलच कसा?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "जरा माझ्याबरोबर मागच्या दाराशी चला."

तिथे उभं राहून त्यांनी रंगमंचाकडे बोट केलं. "आता मला तो डबा दाखवा."

समोर नुसता पडदा होता.

"आधी कधीतरी पाहिला असेल..."

"तो आजच ठेवलाय, पोरं बसत असताना. आणि गोळा त्याला लागता लागता राहिलेला दिसेल अशी जागा एकच आहे, पडद्यामागची." बाईंचा आवाज चढला नाही. "लेकीने ढकलला असता तर गोळा जोरात आला असता, पण उशिरा आला नसता. टांगलेला गोळा थोडा लांब गेला तरी परतायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. उशीर झाला, कारण तो कोणीतरी धरला होता. पलीकडच्या टोकाला तो क्षणभर आपसूकच थांबतो, तिथे धरायला ताकद लागत नाही. फक्त विज्ञान ठाऊक असावं लागतं. तुम्ही तो धरलात, पाय रोवलेत आणि सगळ्या अंगाचा जोर लावून परत ढकललात. जास्तीची ऊर्जा तुमच्या हातांची होती. प्रश्नपत्रिका फोडणारे तुम्हीच, हो ना?"

धाकट्या सरांच्या हातातून रुमाल गळून पडला.

"हातापाया पडलो होतो मी त्यांच्या," ते पुटपुटले. "ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती."

हवालदाराने त्यांचं मनगट धरलं.

इन्स्पेक्टरबाई पहिल्या रांगेत येऊन मुलीसमोर खाली बसल्या.

"बाळ, तू काहीही केलेलं नाहीस. गोळा वेळेवर आला नाही, तेव्हाच तुझ्या बाबांना कळलं की पलीकडे कोणीतरी आहे. हाताने ढकललेला गोळा सरळ येईल याचा भरवसा नसतो. त्यांच्याकडे जेमतेम एक क्षण होता. तेवढ्यात ते स्वतः बाजूला होऊ शकले असते."

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. "मी त्यांना अगदी चिकटून उभी होते," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे बाबा चिडले नव्हते?"

"नाही गं. त्यांनी तुला वाचवलं."

मग मात्र ती बाईंच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडली आणि बाईंनी तिला रडू दिलं.