मुरोईंच्या काळजाची पट्टी

बार्लीचा चहा आहे, गार आहे, घ्या. आणि तो पंखा जरा माझ्याकडे फिरवा. रात्रभर दारावर मी बसतो, तुम्ही नाही.

यंदा ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुट्टीतल्या पाळीची चिठ्ठी कुणाला लागली? तुला ना, साए? तोंड पाडू नकोस. घरोघरी पितर येणार, सगळे आपापल्या गावी जाणार आणि तू इथे पेशींना जेवू घालणार. पेशींना सुट्टी कुठली!

मग तुला कुरामोचीची गोष्ट माहीत असलेली बरी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही हसायचोच.

२०२४ सालचा सोळा ऑगस्ट, शुक्रवार. डोंगरांवर आगी पेटवून पितरांना निरोप द्यायची रात्र. कुरामोची तुमच्यासारखाच, चौथ्या मजल्यावर संशोधन करायचा. सातच्या सुमारास डुलत डुलत आला.

"काका, चुटकीसरशी पट्टीचं पाणी बदलून येतो. मग गच्चीवर आग बघू. साकेची बाटली आणलीत ना?"

"आणलीय. फुकट्याला वास मिळेल."

ती पट्टी म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय शिकवणार? पण त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी पुन्हा कोवळ्या करायच्या आणि त्यांच्यापासून काळीज वाढवायचं. अख्खं नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी, दोन मऊ खुंट्यांमध्ये ताणलेली. उबदार पेटीत ती आपली आपण धडधडते. मग तिच्यावर मुद्दाम वण पाडायचा. वण धरलेलं काळीज वाळल्या चामड्यासारखं ताठ होतं, त्याला नीट आवळता येत नाही. एकेक औषध देऊन बघायचं, वण मऊ पडतो का.

ही पट्टी मुरोई काझुमाची होती. मुरोई मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचा. आग पेटवणाऱ्या घराण्यांपैकी एकाचा. दर सोळा ऑगस्टला पाइनच्या मोळ्या पाठीवर घेऊन वर चढायचा. पुढे त्याच्या काळजाला वण धरला, आनुवंशिक. एप्रिलमध्ये गेला बिचारा. रक्त आधीच देऊन ठेवलं होतं, स्वतःसाठी नाही... मिओसाठी. मिओ त्याची मुलगी, नऊ वर्षांची. तिच्याही काळजाला तेच लागलं होतं.

जुलैत बुरशी शिरली आणि बाकीच्या पट्ट्या गेल्या. ही एकच उरली. मिओला कुठलं औषध लागू पडेल, हे तीच सांगणार होती. नवी वाढवायची तर चार महिने लागले असते. मिओकडे चार महिने आहेत का, असं विचारलं की डॉक्टर चष्मा पुसायला लागायचे.

तर कुरामोची वर जाणार, इतक्यात दारात फुसाएवहिनी. मुरोईची बायको. उन्हाळी किमोनो, हातात विझलेला कागदी कंदील.

"तेराला पितरांना बोलवायला दारात आग पेटवली," त्या म्हणाल्या, "हे आलेच नाहीत. वाढलेलं पान तीन दिवस तसंच. घर कसं रिकामं रिकामं वाटतंय. सासूबाई म्हणतात, तो येईल कसा? अर्धा तिकडेच अडकलाय, तुमच्या पेटीत."

कुरामोची म्हणाला, "वहिनी, त्या नुसत्या पेशी आहेत हो."

"नुसत्या पेशी धडधडतात का?" त्यांनी कंदील या हातातून त्या हातात घेतला. "आज निरोपाची रात्र. मी त्यांना जा म्हणू की थांबा म्हणू? जा म्हटलं तर माझ्या मिओचं काय? आणि थांबा म्हटलं तर त्यांचं काय?"

त्या वाकून नमस्कार करून गेल्या. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचं मला कुरामोचीनं त्याच रात्री, इथे या खुर्चीत बसून सांगितलं.

त्यानं पाणी बदललं, पेटी बंद केली. पेटीतल्या कॅमेऱ्यानं पडद्यावर ठोक्यांची रेघ उमटत होती. रोजच्यासारखी, संथ. हा नियम मोडून तिथेच डबा उघडून नूडल्स खायला बसला. तेवढ्यात रेघ भरभर चालायला लागली.

त्यानं उष्णता पाहिली. बरोबर. हवा पाहिली. बरोबर. रेघ पळतच होती. मग जरा मंद झाली. पुन्हा पळाली. पुन्हा मंद. ओझं घेऊन चढणारा माणूस चार पावलं चढतो, दम खातो, परत चढतो, तशी.

यानं डबा बाजूला सारला.

आठ वाजता शहरातले दिवे मालवले. मीही इथले जिने, व्हरांडे अंधारात टाकले, दर वर्षी टाकतो तसे. समोरच्या त्याच मोठ्या डोंगरावर आग पेटली. खिडकीची काच लाल झाली.

आणि रेघ शांत झाली. माणूस वर पोचल्यावर होतो तशी शांत.

आग जळत राहिली. हा उभाच. जाळ खाली बसायला लागला, तशा ठोक्यांच्या उंच्या कमी झाल्या. एक ठोका... बऱ्याच वेळानं दुसरा. डोंगरावर आता नुसते लाल ठिपके. ते एकेक विझत होते.

रेघ सपाट झाली.

कुरामोचीनं पेटीच्या दाराला कपाळ टेकलं. त्याला मिओचं बोलणं आठवलं. एकदा ती इथे येऊन त्याला विचारून गेली होती, "बाबांच्या पट्टीला गुदगुल्या होतात का?"

"मुरोई-सान," तो म्हणाला. "मुरोई-सान... जाऊ नका. मिओ आहे... थांबा."

काही नाही.

शेवटचा ठिपका विझला.

काळोख. पंख्याचा आवाज. मग वास आला. पाइनच्या धुराचा. अरे, त्या खोलीत गाळून घेतलेली हवा येते! बाहेरची माशी शिरत नाही तिथे, धूर कुठून येणार?

पेटीच्या आतलं काचेचं दार... वाजलं. टक्.

बाहेरचं दार बंद होतं. कपाळ त्यालाच टेकलेलं होतं.

पोरगा चार मजले अंधारात धावत उतरला. पायांत एकच चप्पल. साके दिली, घडलं ते सगळं ऐकून घेतलं. म्हातारा असलो म्हणून काय, मी त्याचा हात धरला आणि वर घेऊन गेलो.

रेघ चालत होती. एकसारखी. संथ.

कुरामोचीनं बाहेरचं दार उघडलं. काचेतून दिसलं, पट्टीच्या बशीशेजारी एक पुडी होती. पांढरा कागद, वर गवताच्या दोरीची गाठ. त्या पेटीत सदा वाफ कोंडलेली असते, कागद क्षणात लोळागोळा व्हायचा. हा कोरडा होता. खडखडीत.

पुडीत काय असणार, हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. आग विझली की डोंगरावरचा कोळसा आणायचा, पांढऱ्या कागदात बांधून दारावर टांगायचा, घरात दुखणं शिरत नाही. पण तो आणायला लोक दुसऱ्या दिवशी सकाळी जातात. आमच्या घड्याळात तेव्हा नऊही वाजले नव्हते.

मी ती पुडी त्याच रात्री फुसाएवहिनींकडे नेली. उंबऱ्यावरच त्यांनी ती हातात घेतली. गाठीवरून अंगठा फिरवला.

"मोळीची गाठ," त्या म्हणाल्या. "हे उलटीकडून बांधायचे. किती सांगितलं, ऐकलं नाही कधी."

आणि ढसाढसा रडल्या.

बाहेरची पुडी शिरूनही पेटीत बुरशी आली नाही. पट्टी महिनाअखेरपर्यंत टिकली, सांगायचं ते सांगून गेली. मिओ आता अकरा वर्षांची आहे. औषध चालू आहे, पळायची परवानगी नाही, तरी पळते आणि आईच्या शिव्या खाते. मुरोई त्या रात्री गेला की राहिला? वर जाऊन आग पेटवून परत आला? मला विचारू नका. मला अजून झोप लागत नाही त्या विचारानं. तू एवढंच कर, साए. पाणी बदल, पेटी बंद कर, नीघ. कुणाचं नाव घेऊ नकोस. आणि 'थांबा'... हा शब्द तर मुळीच काढू नकोस.

पुडी मिओच्या खोलीच्या दारावर टांगलेली आहे, न उघडलेली. गेल्या हिवाळ्यात बर्फ पडत होतं, तेव्हा मी तिकडे गेलो होतो. जाता जाता सहज हात लावून पाहिला.

कोमट होती. माणसाच्या अंगाएवढी.