खिडकीतला लाल ठिपका

"हात लावू नका!"

पहिल्या भेटीत माणसं निदान नाव तरी विचारतात. हा मात्र माझ्यावर ओरडला. मी गच्चीवर ओली ओढणी वाळत घालत होते. भिंतीच्या कडेने नवी दोरी दिसली, बरं वाटलं, हात वर केला… आणि मागून हा आवाज. माझ्या हातून बादली सुटली. धुतलेले सगळे कपडे गच्चीच्या धुळीत.

मी मुळातच घाबरट. पाल दिसली तरी मी पलंगावर चढते. चिखलीच्या क्लासमध्ये दहावीच्या पोरांना गणित शिकवते, तेव्हा खडू मोडल्याचा आवाज झाला तरी दचकते. पोरं हसतात.

"ते दोरी नाही," तो धावत आला. "अँटेना आहे. उघडी तांब्याची तार. मी आत्ताच बटण दाबणार होतो. बोट भाजलं असतं तुमचं."

"तुम्ही कोण?"

"नवा भाडेकरू. नागसेन. जनावरांच्या दवाखान्यात आहो." मग खाली पडलेले कपडे बघून तो ओशाळला. "मी… मी धुऊन देतो."

"माझे कपडे?" मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. डिसेंबरची सकाळ होती, अमडापूरच्या थंडीत त्याच्या तोंडातून वाफ येत होती, आणि त्याने माझी ओढणी झटकायला उचलून पुन्हा तशीच धुळीत ठेवली. मला भीती वाटायची थांबून हसू आलं. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं.

आईने वरची एकच खोली त्याला दिली होती. तो हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातला. गावात सगळे त्याला डॉक्टर म्हणू लागले, म्हणून मीही डॉक्टर म्हणू लागले. त्याला छंद एकच, रेडिओवरून परक्या माणसांशी बोलायचं. सरकारी परीक्षा देऊन त्याने लायसन काढलं होतं. कोची, गुवाहाटी, कधी तर श्रीलंका. पण तारेला वीस मीटर लांबी लागायची आणि आमची गच्ची एवढीशी, तिच्यातही मध्ये पाण्याची टाकी. तो तार कधी भिंतीला धरून लावायचा, कधी टाकीला गुंडाळायचा, आणि रेडिओत नुसती खरखर यायची.

"डॉक्टर, दहावीत गणितात किती पडले होते?" मी एका संध्याकाळी विचारलं.

"काऊन?"

"भिंतीला धरून काय लावता? कर्ण सगळ्यात लांब असतो. मध्ये टाकीपाशी बांबू उभा करा, दोन्ही बाजूंनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत न्या. उरलेलं टोक खाली सोडून द्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बांबू आणायला गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओतून कोचीचे एक म्हातारे गृहस्थ स्वच्छ बोलले, आणि त्याने खिडकीतून मला अंगठा दाखवला. त्या अंगठ्यापायी मला दोन दिवस झोप आली नाही, खोटं कशाला बोलू?

पण तारेचं एक टोक नेमकं माझ्या खिडकीशेजारी उतरलं होतं. आणि मला आई आठवली.

मी पाचवीत असताना बाबा, किसनराव, वीज पडून गेले. सोयाबीनच्या शेतात, कडुनिंबाखाली. तेव्हापासून आभाळ गडगडलं की आमच्या घरात एकच नियम. आई स्टीलची सगळी भांडी पलंगाखाली सरकवते, टीव्हीची पिन काढते, आणि आम्ही दोघी मधल्या खोलीत भिंतीपासून दूर बसतो. मी तर दोन्ही कान दाबून बसते. इतक्या वर्षांत गडगडाट होत असताना मी उंबरठा ओलांडलेला नाही. असल्या घराच्या डोक्यावर तांब्याची तार आहे हे बेबीताईला, म्हणजे माझ्या आईला, कळलं असतं तर डॉक्टरची पेटी त्याच दिवशी रस्त्यावर आली असती.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग उतरवतो. आत्ताच."

आणि उठलाही. त्याचं ते लगेच उठणं… तिथेच माझं काहीतरी बिघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "राहू द्या. पण आईसाठी ती दोरीच. आणि ढग गडगडले की—"

"पहिल्या आवाजाले केबल रेडिओतून काढीन आणि जमिनीच्या तारेले, म्हंजे अर्थिंगले, क्लिप लावीन. वचन."

"मला खाली कसं कळणार?"

त्याने विचार केला. दुसऱ्या दिवशी त्याने तारेचं टोक प्लास्टिकच्या पाइपात घातलं आणि त्यावर, माझ्या खिडकीसमोर, टेस्टरमधला इवलासा बल्ब बांधला. "मी बोलत असलो की हा आपोआप लाल होते. विझला की समजायचं, डॉक्टर गप्प आहे."

"म्हणजे फार क्वचित विझणार."

"तुम्ही समोर असल्या की मी गप्पच असतो," तो म्हणाला आणि भराभर जिना चढून गेला.

मग तो हिवाळा गेला… कसा गेला सांगू? आईला दाखवायला म्हणून त्याने तार ताणून बांधलेल्या कडेच्या नायलॉनच्या दोरीवर स्वतःचा एक टॉवेल कायमचा वाळत टाकला होता. आई म्हणायची, "हा पोरगा दिवसातून कितीकदा आंघोळ करते बापा!" मी तोंडाला ओढणी लावून हसायची. संध्याकाळी क्लासहून आले की आधी खिडकीकडे जायची. लाल ठिपका दिसला की वर तो बोलतोय, आहे, बरा आहे. एकदा कोचीच्या आजोबांनी त्याला विचारलं, तिकडे हवामान कसं आहे? मी खिडकीतच उभी होते. वरून आवाज आला, तो इंग्रजीत सांगत होता: आभाळ स्वच्छ, आणि गच्चीवर निळी ओढणी.

ओढणी माझीच होती. मी खिडकी लावून घेतली, मग पुन्हा हळूच उघडली.

पण जे आवडतं ते आभाळ नेतं, हे माझ्या मनात लहानपणापासून बसलेलं. होळी झाली, ऊन चढलं, आणि मी दर दुपारी पश्चिमेकडे बघू लागले. एक ढग दिसला तरी जिन्यापर्यंत जाऊन परत यायची. त्याने कधी काही विचारलं नव्हतं, मी काही सांगितलं नव्हतं. सांगून त्याला काही झालं तर? न सांगताच झालं तर? मी रोज स्वतःशी हेच भांडत होते.

आणि चैत्रात, एका दुपारी, ते आलंच.

अवकाळी. आधी धुळीचा लोट, मग काळोख, मग गडगडाट. लाईट गेली. आईने भांडी पलंगाखाली सारली. डॉक्टरची मोटरसायकल अंगणात उभी होती, म्हणजे तो वर होता. मी कान दाबून मधल्या खोलीत बसले आणि तिथून माझ्या खोलीच्या खिडकीकडे नजर गेली.

लाल ठिपका.

मंद, थरथरता, पण लाल. पुन्हा विझला. पुन्हा लागला.

रेडिओ बॅटरीवरही चालतो, हे मला माहीत होतं. म्हणजे हा माणूस या विजांत तारेला जोडून बोलत बसलाय? वचन देऊन?

"मयुरी, बस तठीच!" आई म्हणाली.

मी उठले. जिना चढले, गच्चीचं दार वाऱ्याने हातातून सुटलं, आणि पाऊस तोंडावर आपटला. आभाळ पांढरं झालं, काळं झालं.

"डॉक्टर! नागसेन!"

खोलीचं दार बंद. आतून उत्तर नाही. मी आणखी ओरडले, गडगडाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तो आत पडला असेल… बाबा असेच पडले होते, हातातला विळाही सुटला नव्हता. माझ्या डोक्यात एकच आलं, ही तार तोडायची. तोडली की संपलं. समोरच ती वाऱ्याने कापत होती. मी हात वर केला.

"हात लावू नको! मयुरी, हात लावू नको!"

मागून. जिन्यातून. कोणीतरी माझं मनगट धरून मला आत ओढलं, आम्ही दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर आदळलो, आणि त्याच क्षणी सगळं लख्ख झालं. मागच्या गल्लीतल्या बाभळीवर कडाड करून वीज पडली. कानात नुसती शिट्टी.

मी डोळे उघडले. नागसेन. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, शर्टावर चिखल, हाताला औषधाचा वास. मी त्याच्या छातीवर मुठी मारायला लागले.

"वचन दिलं होतं! रेडिओ चालू ठेवून—"

"मी घरी नव्हतोच वं!" तो धापा टाकत होता. "सकाळपासून एका शेतावर होतो, गाय अडली होती. त्यांच्याच गाडीवर गेलो. रेडिओ बंदच आहे."

"मग लाल दिवा?"

त्याचा चेहरा उतरला.

"ढगांचा करंट तारेवर साचते, त्यानंच बल्ब लागते. जमिनीच्या तारेले क्लिप लावून जायची असते… सकाळी घाईत राहून गेली. म्हणून तर पळत आलो. माह्या चुकीनं तू…" त्याने माझं मनगट पुन्हा धरलं.

तेव्हा लक्षात आलं, तो मला तू म्हणत होता. मीही त्याचा शर्ट अजून सोडला नव्हता.

जिन्याच्या खाली टॉर्च लागली. आई. सगळं ऐकलेली.

पायऱ्या चढत ती वर आली. टॉर्चचा उजेड माझ्यावर, मग त्याच्यावर, मग उघड्या दारातून दिसणाऱ्या तारेवर.

"काकू," नागसेन उभा राहिला. "ते दोरी नाही. मी लपवलं. उद्या तार उतरवतो, खोलीबी सोडतो."

"तुले कोणी इचारलं?" आई म्हणाली. "मी माह्या पोरीले इचारून राह्यली. मयुरी, बाप गेल्यापासून गडगडलं की तू दाराबाहेर पाय ठेवत नाही. आज कोणासाठी पळाली?"

बाहेर पुन्हा वीज चमकली. मी कान दाबले नाहीत, कारण हात मोकळेच नव्हते.

"यांच्यासाठी," मी म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं. "मले वाटलं हे गेले. आई, मले हे… मले हे पाहिजेत."

नागसेनने श्वास रोखला तो मला ऐकू आला.

आई पायरीवर बसली.

"मीबी अशीच पळाली होती," ती म्हणाली. "शेतात. सारे नको नको म्हणत होते. मी पोचली तवा तुहा बाप…" तिने पदराने टॉर्चची काच पुसली. "तू येळेवर पोचली."

"पण काकू, मी तर घरात नव्हतोच," नागसेन कसंबसं म्हणाला.

"गप बस रे!" आई कडाडली. "घरात नव्हता आणि क्लिपबी लावली नव्हती! मोठा डॉक्टर आला!"

आणि मला, त्या तसल्या विजांत, भिजलेल्या पायरीवर, रडता रडता हसू फुटलं.

तार आईने उतरवू दिली नाही. तिने आधी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, वीज जमिनीत कशी जाते ते दोनदा विचारलं, आणि मग अट घातली. जमिनीच्या तारेची जुनी सळई काढून अंगणात खोल खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, आणि तांब्याची जाड पट्टी थेट वरपर्यंत. नागसेनने रविवारी तो खोदला. माती ओली राहिली पाहिजे म्हणताच ते काम आईने स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी गुलाबाला पाणी घातलं की एक बादली त्या खड्ड्यात. टॉवेल मात्र दोरीवरून निघाला. त्याची गरज उरली नव्हती.

खिडकीपाशी त्याने नवा बल्ब बांधला. बांधताना हळूच विचारलं, "आता भीती गेली का?"

"वाढली."

"काऊन?"

"आधी फक्त ढग आले की वाटायची. आता तुमची गाडी वळणावर उशिरा दिसली तरी वाटते."

"मग मी लवकर येत जाईन," तो म्हणाला, आणि बल्बच्या गाठीवर गाठ मारत राहिला. दोन गाठी पुरेशा होत्या. त्याने पाच मारल्या.

रोहिणी नक्षत्रात पुन्हा आभाळ भरून आलं. पहिला गडगडाट झाला आणि वरून हाक आली, "लावली!" मग जिन्यावर पावलं. तो खाली आला, आईने भांडी पलंगाखाली सारली, टीव्हीची पिन काढली, आणि आम्ही तिघं मधल्या खोलीत, भिंतीपासून दूर. लाईट गेली. मी कानाकडे हात नेला, तर अंधारात त्यातला एक हात कोणीतरी धरून ठेवला. मग मला एकाच कानावर भागवावं लागलं.

खिडकीकडे पाहिलं. अंधार. ठिपका नाही.

"क्लिप नक्की लावली ना रे?" आईने अंधारातून विचारलं.

"हाव, काकू. दोनदा पाहिली."

वीज चमकली. त्या उजेडात आईने आमचे हात पाहिले असावेत.

"काकू काय म्हणून राह्यला अजून?" ती म्हणाली. "आई म्हण."

आभाळ पुन्हा कडाडलं. मी दचकलेच, ते काही सुटायचं नाही. पण नागसेनही दचकला, आणि माझा हात त्याने आणखी घट्ट धरला.

"हाव… आई," तो म्हणाला.