प्रेताचा श्वास

जुन्या सिनेमांचा आवाज धुऊनपुसून देणं हा तिचा धंदा. त्या दुपारी हातात होता एक थरारपट, मरणावर औषध शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचा. आला तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं; आता वेडे चाहते कुठे ना कुठे तो सतत लावत. मूळ आवाजाची पट्टी मात्र एकच, तिच्यासमोरची.

टेबलावर प्रेत पडलंय, शास्त्रज्ञ सुई टोचतो आणि सगळं शांत होतं, त्या प्रसंगापाशी ती अडकली. खरखर काढली, पंख्याची घरघर काढली. खाली उरला एक श्वास. संथ, ओलसर.

"बाबांचा आहे तो," मागे बसलेली दिग्दर्शकाची मुलगी म्हणाली. प्रेताचं काम दिग्दर्शकानंच केलं होतं. "पुसाल ना, ताई?"

"पुसायलाच हवा. प्रेत कुठे श्वास घेतं?"

"त्यासाठी नाही..." मुलीचा आवाज खाली आला. "बाबा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेत. पाठीला जखमा पडल्यात. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले. प्रत्येक वेळी वाटतं, संपलं. आणि कुठेतरी हा सिनेमा लागतो, छाती पुन्हा वर येते. सुटू द्या त्यांना."

ती हसणारच होती. पण मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू ओठातच विरलं.

तिनं बोट पुसायच्या कळीवर ठेवलं. त्याबरोबर कानातला श्वास बदलला. भराभर येऊ लागला, घाबरल्यासारखा... हेडफोनच्या गादीतून आजाऱ्याच्या खोलीचा कोंदट वास आला.

"त्यांना विचारलंत?" तिनं हळूच विचारलं.

मुलगी पदराशी चाळा करू लागली. तिचे हात औषधं चोळून चोळून सोलवटले होते. ते हात पाहिले आणि तिनं कळ दाबली.

पट्टीवर नुसती शांतता उरली.

दिवेलागणीला फोन आला.

"श्वास थांबलाय," मुलगी म्हणाली. "शेजारी सांगतात, दुपारीच, मी तुमच्याकडे असतानाच. डॉक्टर पाहून गेले. नाडी नाही. अंग गार पडलंय."

"सुटले मग," ती म्हणाली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. मुलगी कुजबुजली, "ताई... ते पाणी मागतायत."