माउस तिच्या हातात

तिचा कॉम्प्युटर त्या दिवशी सुरूच झाला नाही, म्हणून ती वर्गातल्या एका अबोल मुलाच्या शेजारी येऊन बसली. कॉलेजात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत.

लॅबमध्ये गणिताच्या मॅडमचा एकच नियम होता. एका कॉम्प्युटरवर दोघं असले, तर ज्याच्या हातात माउस, त्यानं तोंड उघडायचं नाही. दुसऱ्यानं नुसतं सांगायचं. पडद्यावरच्या पट्ट्या सरकवून तिथली लाट कागदावर छापलेल्या लाटेशी जुळवायची.

तिनं पटकन माउस घेतला. आता त्याला बोलणं भाग होतं.

“उंची वाढव… थोडी,” तो पुटपुटला. “बास… बास! पुढे गेली.”

इतका मऊ आवाज? तिनं पट्टी मागे घेतली — जरा जास्तच.

“आता कमी झाली.”

तिनं पुन्हा वाढवली. पुन्हा जास्तच.

“तू… मुद्दाम करतेयस?”

उत्तर द्यायला बंदी होती. तिनं नुसते डोळे मोठे केले, आणि मौनीबाबा चक्क हसला.

मग प्रत्येक तासाला ती तिथंच बसू लागली. लाटा दाट झाल्या, विरळ झाल्या. फळ्यावर कधी न उमगलेलं गणित तिला सांगता सांगता त्याला उमगू लागलं, आणि याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

एके सकाळी मॅडम म्हणाल्या, “अगं, तुझा कॉम्प्युटर दुरुस्त झालाय. जा बघू आपल्या जागेवर.”

माउस तिच्या हातात होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. बोल ना रे… आता तरी!

तो उभा राहिला. कान लालभडक.

“मॅडम, ती… इथंच बसली तर? मला समजतं.”

“काय समजतं? गणित?”

“हो… म्हणजे… गणितसुद्धा.”

अख्खा वर्ग हसत सुटला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसत राहिल्या.

“बसा दोघं. पण आज लाट जुळलीच पाहिजे.”

तो मटकन खाली बसला. “मी काहीतरीच बोललो ना? तू तरी म्हण काही…”

तिनं माउसकडे बोट दाखवलं.

“बरं, दे इकडे.”

माउस देताना बोटांना बोटं लागली. दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही.

“मला गणित आधीपासूनच येतं,” ती हळूच म्हणाली. “मी त्यासाठी इथं बसतच नव्हते.”

तो पट्टी सरकवायला विसरला. मॅडम पाठीमागून गेल्या… पण थांबल्या नाहीत.